रथाच्या दिवशीचा आरसा

सात वर्षं तो कॉम्प्युटर माझ्या माळ्यावर जुन्या जमखान्यात गुंडाळून ठेवलेला होता. कुणी विचारलं तर मी सांगायचो, बिघडलाय. तो बिघडलेला नव्हता. बिघडला असता तर भंगारात देऊन मी केव्हाच मोकळा झालो असतो. तो चांगला होता आणि त्याच्यात काय असू शकतं हे मला ठाऊक होतं, म्हणून तो वर होता आणि मी खाली.

मी कुंभकोणमचा. गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. मशीनं चालू ठेवणं, तारा जोडणं, कुणाचं काही पुसलं गेलं तर शोधून देणं, हे माझं काम. हे शेवटचं लिहिताना हात जरा अडला, पण ते खरं आहे म्हणून राहू देतो. आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुमची पुस्तकी मराठी मी वाचून वाचून शिकलो आणि हे लिहायला तीच वापरतोय. भावजींचं बोलणं मात्र आहे तसंच ठेवलंय. ते सुधारून लिहिलं तर त्यात भावजी राहत नाहीत.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तिरुभुवनमला राहतात. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की बस अर्ध्या तासात तिथे नेऊन सोडते. तिथे रेशमी साड्यांचे माग आहेत आणि भावजींनी उभा जन्म त्या साड्यांच्या नक्ष्या उतरवण्यात घालवला. आखीव कागद घ्यायचा, मुंगीच्या पायासारख्या बारीक ब्रशने एकेक चौकट लाल करत जायची. एक चौकट म्हणजे एक धागा. त्या कागदावरून पुठ्ठ्याची कार्डं टोचतात, ती कार्डं मागाच्या डोक्यावर साखळीसारखी फिरतात, भोक येईल तिथे धागा वर उचलला जातो, आणि खाली मोर येतो, आंबा येतो, गोपुर येतं. एका काठाला भावजींना कधी महिना लागायचा. त्या महिन्यात जेवतानाही ते ताटातल्या भाताची शितं चौकटींत लावत बसायचे, असं अक्का म्हणायची.

मग कधीतरी मीच त्यांना तो प्रोग्राम दाखवला. चित्र घेऊन त्याच्या चौकटी करणारा. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. दूरदूरच्या देशांतली थोडी माणसं फावल्या वेळात तो लिहीत होती आणि ज्याला हवा त्याला देत होती. अशा उघड्या प्रोग्रामची एक रीत असते. सगळा कोड एका सर्व्हरवर मांडलेला असतो. कुणी कधी कुठली ओळ बदलली, आणि बदलताना काय चिठ्ठी लिहिली, तेही पहिल्या दिवसापासून तिथे जपलेलं असतं. मूळ खोडाला धक्का न लावता कुणाला वेगळं काही करून बघायचं असेल, तर तो आपली एक फांदी काढतो. ते खोड, त्या फांद्या, त्या चिठ्ठ्या, सगळ्याची जशीच्या तशी प्रत आपल्या मशीनवर ठेवायची आणि ती रोज मूळ सर्व्हरशी जुळवून घ्यायची, याला मिरर म्हणतात. भावजी त्याला आरसा म्हणायचे.

तो आरसा मी त्यांच्यासाठीच केला होता. तिरुभुवनमला तेव्हा इंटरनेट असून नसल्यासारखं होतं. दर रविवारी भावजी लॅपटॉप खांद्याला अडकवून बसने यायचे आणि आठवडाभरात सर्व्हरवर जे नवं आलं असेल ते माझ्या मशीनवरून उतरवून घ्यायचे. मशीन समोरच्या खोलीत खिडकीपाशी एका स्टुलावर असे. रोज सकाळी सहाला ते आपोआप मूळ सर्व्हरला विचारी, काय नवं? मी तेव्हा कॉफी घेत बसलेला असायचो. हिरवा दिवा थोडा वेळ भराभर मिचकायचा, मग शांत व्हायचा. साता समुद्रांपलीकडे कुणीतरी रात्रभर बसून लिहिलेलं माझ्या खिडकीत येऊन निजायचं, असं मला वाटे. बाहेर रांगोळीसाठी शिंपलेल्या पाण्याचा वास असे. आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ घटका मी कुठली सांगेन, तर ती.

त्या रविवारच्या दुपारी आता आठवल्या की पाण्याखालून दिसाव्यात तशा दिसतात. वर पंखा, भावजींच्या गालात वेत्तिलैचं, म्हणजे विड्याचं, पान, ओसरीवरच्या गार फरशीवर दोन लॅपटॉप, आणि त्यांच्या पडद्यांवर चौकटी, चौकटी, चौकटी. पन्नाशी उलटलेला माणूस, इंग्रजी बेताचं, प्रोग्रामिंगचं पहिलं अक्षर माझ्याकडून शिकलेला. वर्षभरात तो मला असे प्रश्न विचारू लागला की मी पुस्तक शोधायला आत जाई आणि तिथेच रेंगाळे.

एकदा त्यांनी विचारलं, "तिथं कोणी फांदी तोडली तर?"

"इथलीही तुटते. सकाळी सहाला."

"का? घर तुझं, मशीन तुझं. त्यांनी टाकलं म्हणून तू कशाला टाकायचं?"

"मी तसं लावून ठेवलंय. नाहीतर तो आरसा नाही भावजी, अडगळीची खोली होईल."

"मेव्हण्या, तुझं अस्कं घर अडगळीची खोलीच आहे," ते पान चघळत म्हणाले. अस्कं म्हणजे अख्खं. "आरसा म्हणशील तर न्हाणीतला एक, तोही तडकलेला."

आम्ही दोघं हसलो. जे मूळ सर्व्हरवर नाही ते माझ्याकडेही नसणार, या नेमकेपणाचा मला अभिमान होता. अशी मशीनं सांभाळणाऱ्या माणसालाच असला अभिमान सुचतो. साधा माणूस जुनी वस्तू ठेवून देतो.

भावजींची फांदी होती काठाची. रेशमी साडीचा काठ जाड, अंग पातळ. दोन्ही एकाच मागावर विणले जातात, पण दोघांचा ताण वेगळा. त्यामुळे पडद्यावर सरळ दिसणारं गोपुर साडीवर उतरलं की बुटकं व्हायचं आणि कळस एका बाजूला कलायचा. जुने नक्षीवाले ते हाताने सांभाळत. इथे एक चौकट चोरायची, तिथे दोन भरायच्या. कुठे किती, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, बोटांत होतं. भावजींनी ती चोरी प्रोग्रामला शिकवली. आपले शेकडो जुने कागद मोजले आणि तीन वर्षं त्या फांदीवर घालवली. हे काम जगात दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं, करू शकणारेही फार नव्हते.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगतो. त्या प्रोग्रामसोबत एक यादी यायची, ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांच्या नावांची. भावजींचं नाव तिच्यात पहिल्याच वर्षी आलं. माझं नव्हतं. का असावं? मी एक ओळही दिलेली नव्हती. पदवी माझ्याकडे, नोकरी माझ्याकडे, मशीन माझं, आणि मी काय केलं तर दुसऱ्यांनी लिहिलेलं रोज सकाळी उतरवून घेतलं. मी ती यादी उघडून बघत असे. कुणाला सांगितलं नाही. चेहऱ्यावर काही न दाखवण्याची मला लहानपणापासून सवय आहे, लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात.

मग ते पत्र आलं. प्रोग्राम सांभाळणाऱ्यांपैकी एकाने भावजींना लिहिलं होतं, अगदी सभ्यपणे. तुमची फांदी आम्हाला खोडात घेता येत नाही, कारण ती तपासणार कोण? तुम्ही बदलांबरोबर चिठ्ठ्या लिहिता त्या आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाहीत. कृपया त्या इंग्रजीत पुन्हा लिहा, नाहीतर फांदी बंद करावी लागेल.

भावजी चिठ्ठ्या मराठीत लिहीत होते. आमच्या घरच्या मराठीत, तमिळ वळणाने तोंडात घोळलेल्या, पुण्याचा माणूस ऐकून हसेल अशा मराठीत. त्यांच्या मनात कधी आलंच नाही की त्या दुसऱ्या कशात लिहायच्या असतात. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या. त्या वाचू शकेल असा त्या सगळ्या मंडळीत एकच माणूस होता, आणि तो मी. आणि मी त्या कधी उघडून वाचल्या नव्हत्या. मी जपणारा होतो, वाचणारा नव्हतो.

भावजींना राग क्वचित यायचा, पण आला की अक्काही स्वयंपाकघरात जाऊन बसायची. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सर्व्हरवरची आपली फांदी आपल्या हाताने तोडून टाकली. लॅपटॉपवरचा अख्खा फोल्डर पुसला. "नको तर नको," म्हणाले म्हणे. सकाळी उठले तेव्हा राग गेलेला होता आणि फांदीही.

तो दिवस रथाचा होता. मासी महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आमच्याकडे देवाचा रथ निघतो. तो इतका उंच असतो की रस्त्यांवरच्या विजेच्या तारा आधी उतरवून ठेवाव्या लागतात. वीजखात्याची माणसं भल्या सकाळी येतात, खांबावर चढतात, तारांची वेटोळी करून खांबालाच टांगतात, आणि रथ ठाण्यावर परत येईपर्यंत आमच्या सगळ्या गल्ल्यांना वीज नसते. लहानपणापासून मला तो दिवस गावाला झोप लागल्यासारखा वाटत आलाय. पंखे नाहीत, मिक्सर नाहीत, टीव्ही नाहीत. दुरून नुसता नादस्वर, आणि मधूनच शेकडो माणसांनी दोर ओढल्यावर उठणारा एक मोठा निःश्वास. उन्हात सगळं थोडं हलल्यासारखं दिसतं.

भर दुपारी भावजी आले. गर्दीमुळे बस अलीकडेच थांबली होती, तिथून चालत आले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरलेली. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि काय केलं ते एका दमात सांगून टाकलं.

मग म्हणाले, "पण आरशात असेल न?"

"नाही भावजी. गेलं असेल. सकाळी सहाला मशीनने जुळवून घेतलं की तिथे जे नाही ते इथेही राहत नाही."

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. मग डोकं वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखा थांबलेला होता.

"करंट नाहीं. केव्हा गेला करंट?"

वीज पाचला गेली होती. पंखा थांबल्यामुळेच मला जाग आली होती. सहाला मशीन उठलंच नव्हतं. भावजींची तीन वर्षं आदल्या दिवशी सकाळी जशी होती तशी, त्या खिडकीपाशी, हाताच्या अंतरावर होती. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं. विसरलो, गोंधळलो, असं इतकी वर्षं मी स्वतःलाही सांगून पाहिलं. तसं काही नव्हतं.

मी म्हणालो, "सातला."

"सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे. एवढंच.

थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांच्या सर्व्हरवर कुठं तरी उरलं असेल. तू लिही त्यांना. मज विचारायची लाज वाटते."

"लिहितो."

उन्हं उतरेपर्यंत ते तिथेच बसून होते. परत जायला बस नव्हती. मी कॉफी केली. आम्ही रथाबद्दल बोललो, यंदा दोर नवा आहे का जुना, असलं काहीतरी. माझं अर्धं लक्ष खिडकीकडे होतं. मशीनला मी अजून एक गोष्ट शिकवून ठेवली होती. वीज गेली आणि परत आली की आपोआप सुरू व्हायचं, आणि राहून गेलेलं काम आधी उरकायचं. प्लग काढायला उठायचं एवढंच होतं. भावजी मागे टेकून बसले होते, त्यांचे डोळे मिटलेले होते. मी उठलो नाही.

संध्याकाळी तारा पुन्हा चढल्या. गल्लीत पोरंसोरं ओरडली, पंखा कुरकुरला, देवघरातला दिवा लागला, आणि खिडकीपाशी मशीनने एकदा बीप केलं.

"उठला काय आरसा?" डोळे न उघडता भावजींनी विचारलं.

"उठला."

मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. हिरवा दिवा मिचकू लागला. मला वाटलं खूप वेळ लागेल, तेवढ्यात मन बदलेल. फारसा वेळ लागला नाही. एक ओळ आली, तिच्यात भावजींच्या फांदीचं नाव होतं आणि त्याच्या आधी लिहिलेलं होतं, डिलीटेड. मग दिवा शांत झाला, रोजच्यासारखा. ओसरीवर भावजी चपला शोधत होते.

सर्व्हरवाल्यांना मी लिहिलं नाही. महिनाभराने भावजींनी विचारलं तेव्हा सांगितलं की लिहिलं, उत्तर आलं नाही.

एक गोष्ट मात्र मी केली. दोन दिवसांनी मशीन बंद करून माळ्यावर चढवलं. ते का, हे मी नीट सांगू शकत नाही. अशा मशीनमध्ये तुटलेली फांदी लगेच नष्ट होत नाही. तिचं नाव तेवढं जातं. लिहिलेलं सगळं आत बिननावाचं पडून राहतं, पुढे कधीतरी मशीन झाडलोट करतं तेव्हा ते जातं. त्याने झाडलोट करू नये असं मला वाटत होतं. आणि ते शोधून भावजींच्या हातात द्यावं असंही वाटत नव्हतं. दिलं असतं तर करंट केव्हा गेला ते सांगावं लागलं असतं. म्हणून ना जिवंत ना मेलेलं, असं मी ते वर ठेवलं आणि खाली राहू लागलो.

भावजींनी पुन्हा एक ओळही लिहिली नाही. रविवारचं येणं थांबलं, सणावाराला येत. लॅपटॉप अक्काने कपाटात ठेवून दिला. ते परत कागदाकडे वळले, पुढे निवृत्त झाले, साखर वाढली, आणि साखरेने डोळे धरले. मी जात असे तेव्हा ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत, चेष्टाही करत. ते सगळ्यात जड जाई. घरी येऊन मी माळ्याखाली झोपायचो. कधीकधी स्वप्नात तो हिरवा दिवा जमखान्याच्या विणीतून मिचकताना दिसे आणि मी शिडी शोधत असे. शिडी कधी सापडली नाही.

यंदा पोंगल झाल्यावर एका रात्री अक्काचा फोन आला. शेजारच्या एका विणकरणीला जुना गोपुराचा काठ हवा होता, तिच्या मुलीच्या लग्नाच्या साडीसाठी. ती भावजींकडे आली होती आणि भावजी हो म्हणून बसले होते.

"दिवसभर खिडकींत बसतांत," अक्का म्हणाली. "कागद नाकाला लावून. चौकटी हालतांत म्हणे डोळ्यापुढं. काल अस्का कागद भरून झाला आणि कळस वांकडा. फाडून टाकला. मग तोंड धुवायला गेले, तें किती वेळ नळ चालूच. तुज काही करतां येतं काय रे त्या कॉम्प्युटरांत? पहिलें ते करत होते तसं?"

मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला आणि शिडी आणली. ती न्हाणीच्या मागे होती, नेहमी असते तिथेच.

मशीन सुरू झालं. इंटरनेटची वायर मी या वेळी लावलीच नाही, सात वर्षं उशिरा. मग त्याला सांगितलं, नाव नसलेलं जे काही असेल ते शोध. पडद्यावर आकडे आणि अक्षरं यांच्या लांबलचक ओळी आल्या, अर्थ नसलेल्या. मी एकेक उघडत गेलो. चौथी उघडली आणि आमची मराठी दिसली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. भावजींची शेवटची चिठ्ठी. तिच्या मागे तिच्या आधीची, तिच्या मागे तिच्या आधीची, मागाच्या कार्डांसारखी एकीला एक बांधलेली, पहिल्या रविवारपर्यंत. काहीही गेलेलं नव्हतं.

मी फांदीला तिचं नाव परत दिलं. ते एका ओळीचं काम आहे. मग वाचत बसलो. उजाडल्यापासून दुपारपर्यंत वाचलं, कॉलेजात गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेऊन तिरुभुवनमला गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालू होते, त्यांचा आवाज एकमेकांत मिसळून पावसासारखा झाला होता. भावजी खिडकीत होते, कागद तोंडापाशी, हातात ब्रश. अक्का माझा आवाज ऐकून कॉफी करायला आत गेली. मी बसलो. सगळं बसमध्ये घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"भावजी, त्या दिवशी करंट पाचला गेला होता."

"कुठल्या दिवशी?"

"रथाच्या."

ब्रश कागदावर टेकलेला होता, तो तसाच राहिला. त्याखाली लाल ठिपका मोठा होत गेला.

"तू सातला म्हणालास," ते म्हणाले. सात वर्षांनी त्यांना वेळ आठवत होती.

"हो."

"म्हणजे मी आलो तेव्हा होतं."

"होतं."

"आणि संध्याकाळीं?"

"तेव्हा गेलं. मी बघत होतो."

अक्का दोन पेले घेऊन दारात उभी होती. किती वेळ ते मला माहीत नाही. तिने एक पेला भावजींच्या हाताशी ठेवला, दुसरा तसाच घेऊन आत गेली. मोरीत कॉफी ओतल्याचा आवाज आला.

"त्यांना लिहिलं होतंस तें तरी?" भावजींनी विचारलं.

"नाही."

"का रे?"

मी यादीचं सांगितलं. बोलताना ते इतकं लहान वाटलं की मध्येच थांबावंसं वाटलं, पण पुरं केलं. "तुमचं नाव होतं. माझं नव्हतं."

"एवढ्यासाठीं?"

"एवढ्यासाठीच."

मग मी लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं की ते सापडलंय, सगळं. त्यांनी पडद्याकडे तोंड नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. मग लॅपटॉप माझ्याकडे ढकलला.

"दिसत नाहीं. वाच."

मी चिठ्ठ्या वाचू लागलो.

"काठाला अंगापासून सोडविलें. अजून ओढतो."

"मोर केला. घरांत दाखविला. बदक आहे म्हणाली."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"कळस सरळ होईना. मेव्हण्याने सांगितलें तसं दोनदां भागून पाहिलें. झाला."

"आज मेव्हण्याने चूक दाखविली. मी भांडलो. बसमध्यें कळलें चूक माझीच."

मी थांबलो. तशा पुष्कळ होत्या. आदल्या दिवशी मी त्या वाचल्या होत्या तरी मोठ्याने वाचणं वेगळं होतं.

"थांबलास कां? वाच," भावजी म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "तुज वाचायलाच लिहिल्या त्या. तुझ्या घरीं जाणार, तुझ्या आरशांत बसणार, हें ठाऊक होतं मज. दुसरं कोण वाचणार होतं?"

मी वाचलं. शेवटपर्यंत. संपल्यावर ते म्हणाले, "आता जा तू." मी लॅपटॉप तिथेच ठेवून निघालो. बसस्टॉपपर्यंत मागांचा आवाज सोबत होता.

पुढचे दहा-बारा दिवस फोन वाजला की मी आधी नाव बघायचो, मग उचलायचो. मी मशीन परत खिडकीपाशी स्टुलावर ठेवलं होतं. तिथे तुटलं की इथेही तोडायचं, हे त्याला लावलेलं काढून टाकलं. अडगळीची खोली तर अडगळीची खोली.

मग एका शनिवारी भावजींनी स्वतः फोन केला. "उद्यां ये. ती बाई विचारून गेली दोनदां. मज दिसत नाहीं, टाइप कोण करणार? तुझी अक्का?"

मी गेलो. अक्का बोलली नाही. कॉफी दिली, पण हातात नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गेली. अजून तसंच करते. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

भावजी डोळे मिटून सांगत होते, मी टाइप करत होतो. अमुक ओळीत एक चौकट चोर. तिथे नको, अलीकडे. त्यांची बोटं मांडीवर मोजत होती. दुपारी गोपुर पडद्यावर मुद्दाम थोडं वाकडं उभं राहिलं, म्हणजे साडीवर ते सरळ येणार होतं. बदल जमा करताना प्रोग्राम दोन नावं विचारतो, ज्याने लिहिलं त्याचं आणि ज्याने ठेवलं त्याचं. मी पहिल्या जागी त्यांचं घातलं आणि थांबलो.

"दुसरं कुणाचं घालायचं?"

"ठेवतो कोण आहे? तूच न? मग तुझं."

मी घातलं. सात वर्षांपूर्वी ते तिथे असतं तर किती बरं वाटलं असतं, असा विचार येऊन गेला. आता बोटांना ते जड लागलं.

"चिठ्ठी काय लिहू, भावजी?"

त्यांनी पान तोंडात सरकवलं. मला वाटलं काठाबद्दल काही सांगतील, ताणाबद्दल.

"लिही," ते म्हणाले. "करंट आला."

मी वर पाहिलं. ते हसत नव्हते. रागावलेलेही दिसत नव्हते. पुढचं काम सांगायचं म्हणून वाट बघत होते. मी तेवढेच दोन शब्द लिहिले आणि पुढच्या ओळीवर गेलो.